पहिलं होमब्रू: एका कंदिलापासून सुरुवात

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डावात जळून गेलेल्या गिरणीत चौघे उभे होते. राख अजून कोमट होती. आमच्या टेबलावर चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, "अरे, आग लागली तेव्हा इथे कोण होतं ते बघायचा काही मार्ग आहे का?" मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा; मी नियमांचं पुस्तक चाळलं. मेलेल्याशी बोलायचा स्पेल, म्हणजे मंत्र, तिसऱ्या पातळीचा, तो क्लेरिकला (पुजारी पात्राला) पाचव्या लेव्हलला मिळतो आणि ही टोळी होती चौथ्या लेव्हलला. प्रश्न मात्र इतका चांगला होता की "नाही" म्हणायला जीव होईना. त्या रात्री मी एका कंदिलाबद्दल चार ओळी लिहून काढल्या. माझं पहिलं टिकलेलं होमब्रू ते.

होमब्रू म्हणजे अधिकृत पुस्तकात नसलेली, आपल्या टेबलासाठी आपणच घडवलेली गोष्ट. एखादी जादुई वस्तू, मॉन्स्टर, स्पेल, सबक्लास (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, सबक्लास त्याची शाखा), कधी अख्खं जग. असं काही करायला परवानगी लागते की काय, असा संकोच नव्या डीएमना वाटतो, तो आधी काढून टाका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आलं, तेव्हा त्या पेटीत क्लास तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक. ज्याच्याशिवाय आज टोळी अपुरी वाटते तो चोर त्यात नव्हताच. तो 1975 च्या पुरवणीतून आला. खेळताना कमी जाणवली आणि कुणीतरी ती भरून काढली, असाच हा खेळ वाढत आला आहे.

तुम्ही निदान आठ-दहा सेशन खेळला आहात, कॅरेक्टर शीट वाचता येते, एवढं मी धरून चालतो. आकडे सगळे पाचव्या आवृत्तीचे आहेत, म्हणजे 2014 ची पुस्तकं. 2024 च्या सुधारित पुस्तकांत काही तपशील बदलले, पण विचार करण्याची पद्धत तीच राहते. दुसरी एखादी सिस्टीम खेळत असाल तर आकडे बदला, क्रम हाच ठेवा.

पायरी 1: खरंच नवीन हवं आहे का?

निम्म्या वेळा उत्तर "नाही" असतं. हवा असतो फक्त नवा चेहरा. तुम्हाला देवळाच्या दारात जागा होणारा दगडी पुतळा हवा आहे? ओगर नावाच्या राक्षसाचे आकडे घ्या: आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) 11, हिट पॉइंट (जीव) 59, सोट्याचा फटका +6 ने, सरासरी 13 डॅमेज (इजा). सोट्याच्या जागी दगडी मूठ म्हणा, पुतळा चालताना होणारी घरघर वर्णन करा, झालं. समोर बसलेल्यांना आकडे दिसत नाहीत, त्यांना तुमचे शब्द ऐकू येतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण याच जागी मी फसलो होतो. स्पेलचं रूप बदलताना डॅमेजचा प्रकार बदलला की ताकदही बदलते. आगीचा आणि विषाचा परिणाम न होणारे किंवा कमी होणारे मॉन्स्टर पुष्कळ आहेत. फोर्सला, म्हणजे निव्वळ जादुई ऊर्जेच्या इजेला, तोंड देणारे जवळपास नाहीतच. "माझा फायरबॉल जांभळ्या ऊर्जेचा आहे, म्हणून फोर्स डॅमेज" ही मागणी दिसायला निरुपद्रवी असते, पण खेळाडूच्या हातात त्यामुळे आणखी चांगला स्पेल पडतो. रंग खुशाल जांभळा करा, प्रकार आगीचाच ठेवा.

पायरी 2: एक वाक्य लिहा, आणि त्यात निर्णय हवा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं: ही गोष्ट हातात आल्यावर खेळाडूला कोणता निर्णय घ्यावा लागेल? माझ्या कंदिलाचं वाक्य असं होतं: "मागे इथे काय घडलं ते दिसतं, पण बघणारा तेवढा वेळ आत्ताच्या जगाला आंधळा होतो."

पहिला अर्धा भाग म्हणजे लालूच, दुसरा म्हणजे किंमत. दोन्ही एकत्र आले की टेबलावर बोलणं सुरू होतं. आत्ता पेटवायचा का? पहारा कोण देणार? कुणी आलं तर? आता याच्या शेजारी "+2 तलवार" ठेवून बघा. ती मिळाल्यावर खेळाडू काय ठरवतो? काहीच नाही. शीटवर एक आकडा खोडून दुसरा लिहितो आणि पुढच्या सेशनपर्यंत ती जादुई आहे हेही विसरतो. मला +2 तलवारीचा राग नाही, पण ती घडवायला तुमची रात्र खर्ची घालू नका. ती पुस्तकात आहे.

वाक्य जमत नसेल तर कल्पना अजून पिकलेली नाही असं समजा आणि बाजूला ठेवा. माझ्या वहीत अशा बऱ्याच कल्पना पडून आहेत. काही दोन वर्षांनी उपयोगी आल्या.

पायरी 3: लहान सुरू करा

नव्या लोकांना पहिल्याच झटक्यात नवा क्लास लिहायचा असतो. नका लिहू. कारण साधं आहे: चूक किती काळ टेबलावर राहणार, हे आधी मोजायचं.

मॉन्स्टर चुकला तर तो त्याच संध्याकाळी मरतो. जादुई वस्तू चुकली तर ती हरवू शकते, मोडू शकते, चोरीला जाऊ शकते. स्पेल चुकला तर तो कुणाच्या तरी स्पेलबुकात कायमचा बसतो. सबक्लास चुकला तर तो त्या कॅरेक्टरला जन्माचा चिकटतो आणि दर काही लेव्हलनंतर चुकीत भर पडत जाते. क्लास म्हणजे वीस लेव्हल, प्रत्येक लेव्हलला काहीतरी, आणि वर इतर क्लासशी होणाऱ्या मल्टिक्लासच्या सगळ्या जोड्या. म्हणून आधी वस्तू किंवा मॉन्स्टर, मग स्पेल. सबक्लासला हात घालण्याआधी यांतल्या प्रत्येकाचे दोन-तीन तरी टेबलावर खेळून झालेले असावेत.

पायरी 4: भावंडं शोधा

आपल्या कल्पनेच्या जवळच्या दोन-तीन अधिकृत गोष्टी समोर ठेवायच्या. मी यांना भावंडं म्हणतो. कंदिलाची भावंडं मला तीन मिळाली. एक, लँटर्न ऑफ रिव्हिलिंग: अनकॉमन, 30 फुटांच्या लख्ख उजेडात अदृश्य जीव दिसतात. दोन, स्पीक विथ डेड: तिसऱ्या पातळीचा स्पेल, प्रेताला पाच प्रश्न, आणि प्रेताला तोंड शाबूत हवं. तीन, लेजंड लोअर: पाचव्या पातळीचा.

यावरून कंदिलाची जागा कळली. पहिल्या मसुद्यात मी "भूतकाळात काय घडलं ते दिसतं" असं मोघम लिहिलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा खूनसुद्धा दिसणार! ते लेजंड लोअरच्याही वर गेलं आणि चौथ्या लेव्हलच्या हातात. म्हणून छाटणी केली: बरोबर एक तासापूर्वीचं, तेही मुकं. आवाज काढून टाकल्यावर कंदील कमजोर होईल अशी भीती होती. झालं उलटंच. ओठ हलताना दिसतात पण शब्द कळत नाहीत, त्यामुळे रहस्य शिल्लक राहिलं आणि खेळाडू अंदाज बांधू लागले.

पायरी 5: आकड्यांशी मैत्री

इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण बहुतेक होमब्रू इथेच बिघडतं, आणि लागणारं गणित शाळेतलं आहे.

डी20 वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, प्रत्येक +1 म्हणजे पाच टक्के. ऐकायला किरकोळ. पण पाचव्या आवृत्तीत आकडे मुद्दाम आवळून ठेवलेले आहेत; प्रोफिशियन्सी बोनस (पात्राला जे जमतं त्यात फाशाला मिळणारी भर) पहिल्या लेव्हलला +2 आणि विसाव्या लेव्हलला +6, संपूर्ण प्रवासात फक्त चारची वाढ. अशा घट्ट कपड्यात एक टाकाही जाणवतो.

आर्मर क्लासचं उदाहरण घ्या. मॉन्स्टरचा हल्ला +5 ने आहे, म्हणजे डी20 च्या आकड्यात 5 मिळवायचे. समोर आर्मर क्लास 18 असेल तर त्याला 13 किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे 40 टक्के. आर्मर क्लास 20 झाला की 30 टक्के. 22 झाला की 20 टक्के. म्हणजे 18 वरून 22 वर गेलेला फायटर पूर्वीच्या निम्मेच फटके खातो. 24 ला उरतात फक्त 10 टक्के. दरवेळी वाढ दोनाचीच, पण जितकं वर जाल तितकी ती महाग होत जाते. चिलखत आधीच मजबूत असलेल्या खेळाडूला "जादुई ढाल, +2" देताना हे आठवा. मी आठवलं नाही. मग त्या एकाला इजा व्हावी म्हणून मॉन्स्टरचे हल्ले वाढवत गेलो आणि बाकीचे तिघे दर लढाईत जमिनीवर पडू लागले. शेवटी ढाल परत मागावी लागली, आणि दिलेली गोष्ट परत मागण्याइतकं अवघड काम डीएमला दुसरं नाही.

अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन डी20 टाकून मोठा आकडा घेणं. हे जास्त सुरक्षित हत्यार आहे. 11 पडायला हवे असतील तर 50 टक्क्यांचे 75 होतात. 20 च हवा असेल तर 5 चे फक्त 9.75. म्हणजे मध्यम अवघड कामात तो भरपूर मदत करतो, अशक्य कामाला मात्र सोपं करत नाही. शिवाय तो एकावर एक रचता येत नाही. तीन ठिकाणांहून मिळाला तरी फासे दोनच. शंका असेल तेव्हा +3 लिहू नका, अ‍ॅडव्हान्टेज लिहा.

डॅमेजची सरासरी तोंडपाठ हवी: डी6 चा साडेतीन, डी8 चा साडेचार, डी10 चा साडेपाच, डी12 चा साडेसहा. 2डी6, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, यांचे सात. क्रिटिकलला (हल्ल्यात डी20 वर 20 पडला की) फासे दुप्पट होतात, वरची ठोक बेरीज होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि आता सगळ्यात जास्त घोटाळा करणारे दोन शब्द: "प्रत्येक फटक्याला". एखाद्या कुऱ्हाडीला "प्रत्येक फटक्याला 1डी6 विजेचं डॅमेज" लिहिलंत. तिसऱ्या लेव्हलला छान चालेल. फायटरला पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळतात, अकराव्याला तीन, आणि अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) वापरला तर त्याच टर्नमध्ये सहा. सगळे लागले तर तुमचा तो एक फासा सहा फासे झाला, सरासरी 21. "दर टर्नला एकदा" असं लिहिलं असतं तर तो एकच राहिला असता. दोन शब्दांचा फरक.

अशाच आणखी तीन जागा आहेत जिथे ताकद लपून बसते. पहिली, ती गोष्ट करायला काय लागतं: अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन की काहीच नाही? "काहीच नाही" लिहिताना हात थांबला पाहिजे. दुसरी, कॉन्सन्ट्रेशन. एका वेळी एकच स्पेल धरून ठेवता येतो, हा जादूगारांवरचा सगळ्यात मोठा लगाम. "कॉन्सन्ट्रेशन लागत नाही" हे वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा भारी. तिसरी, विश्रांती. शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळणारी शक्ती दिवसातून दोन-तीनदा येते, लाँग रेस्टची (रात्रभराच्या विश्रांतीची) एकदाच. तुमचं टेबल दिवसात एकच लढाई खेळत असेल तर मात्र हा फरक पुसला जातो आणि लाँग रेस्टवाले सगळं एकाच लढाईत ओततात. म्हणून गणित तुमच्या टेबलाच्या सवयीवर बसवा.

पायरी 6: मजकूर असा लिहा की तुमची गरज पडू नये

कंदिलाचं कार्ड शेवटी असं झालं:

*मागचा कंदील. अद्भुत वस्तू, अनकॉमन, अट्यूनमेंट (वापरणाऱ्याशी जुळवणी) लागते. एक अ‍ॅक्शन वापरून कंदील पेटवता येतो. तो 10 मिनिटं जळतो. कंदिलापासून 30 फुटांच्या आत बरोबर एक तासापूर्वी जे घडत होतं ते कंदील धरणाऱ्याला दिसतं. आवाज ऐकू येत नाही. इतर कुणालाही हे दृश्य दिसत नाही. कंदील जळत असेपर्यंत धरणारा वर्तमानात ब्लाइंडेड असतो. तो आपल्या टर्नमध्ये अ‍ॅक्शन न खर्चता कंदील विझवू शकतो. विझलेला कंदील पुढच्या पहाटेपर्यंत पुन्हा पेटत नाही.*

लिहून झालं की या प्रश्नांची उत्तरं मजकुरात सापडतात का ते बघा: कोण वापरू शकतो, काय खर्च होतं, किती लांब, किती वेळ, दिवसातून किती वेळा, थांबतं कसं. एखादं उत्तर तुमच्या डोक्यातच असेल तर ते कागदावर नाही.

"ब्लाइंडेड" हा शब्द मी मुद्दाम वापरला. ती नियमांत व्याख्या असलेली कंडिशन आहे: आपले हल्ले डिसअ‍ॅडव्हान्टेजने, आपल्यावरचे हल्ले अ‍ॅडव्हान्टेजने, दृष्टी लागणाऱ्या चाचण्या आपोआप फसतात. "त्याला नीट दिसत नाही" असं लिहिलं असतं तर "नीट म्हणजे किती?" यावर अर्धा तास गेला असता. जी गोष्ट नियमांत आधीच आहे तिचं नावच घ्यायचं. याच कारणाने मी हिट पॉइंट, आर्मर क्लास यांची भाषांतरं करत बसत नाही. शीटवर जो शब्द आहे तोच कार्डावर असावा. वर्णन मात्र पूर्ण मराठीत करावं. काच काळवंडलेली आहे, ज्योत निळसर आहे आणि ती वाऱ्याच्या उलट दिशेला झुकते, हे सांगताना उसने शब्द कशाला?

वर्णन आणि नियम वेगळे ठेवा. "ज्योत वाऱ्याच्या उलट झुकते" हे नियमाच्या मध्ये घुसलं की कुणीतरी तिचा वापर वाऱ्याची दिशा ओळखायला करेल आणि तुम्हाला निवाडा द्यावा लागेल. (तसं कुणी केलंच तर द्या त्याला. कल्पना चांगली आहे.)

पायरी 7: पहिला मॉन्स्टर

माझ्या दलदलीत राहणाऱ्या शेवाळ्या नावाच्या मॉन्स्टरची गोष्ट सांगतो. वाक्य होतं: "तो एकाला पकडून पाण्याखाली नेतो, बाकीच्यांनी उडी मारायची की काठावरून लढायचं?"

आधी हिट पॉइंट. तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू, प्रत्येकाचा फटका सरासरी 8, लागण्याची शक्यता साधारण 65 टक्के. चार गुणिले आठ गुणिले 0.65, म्हणजे दर राउंडला सुमारे 21. लढाई तीन राउंड चालावी असं वाटत असेल तर 60 ते 65 हिट पॉइंट पुरेत. हे पाच मिनिटांचं गणित कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त खरं ठरतं, कारण ते तुमच्याच टोळीचं असतं.

तक्ताही बघा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. 2014 च्या डीएम मार्गदर्शक पुस्तकात चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती कठीण याचा आकडा) 2 साठी 86 ते 100 हिट पॉइंट, आर्मर क्लास 13, हल्ला +3 आणि दर राउंडला 15 ते 20 डॅमेज दिलं आहे. त्याच मालिकेतला रेटिंग 2 चा ओगर मात्र 59 हिट पॉइंटचा. त्याच्या बचावाची आणि हल्ल्याची सरासरी पुस्तकाच्या रीतीने काढली तर उत्तर 1 च्या आसपास येतं. म्हणजे अधिकृत मॉन्स्टरही तक्त्यात नेमके बसत नाहीत. म्हणून पुन्हा तेच: भावंडं शोधा, त्यांच्या शेजारी आपला उभा करा.

मग डॅमेज. शेवाळ्याचा चावा 2डी10 + 4 ठेवला होता, सरासरी 15. तिसऱ्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) +1 असलेल्या विझर्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट 17. एक चांगला चावा आणि तो खाली. क्रिटिकल पडला तर सरासरी 26. मेला नसता, बेशुद्ध झाला असता, पण पहिल्याच टर्नला कुणाला बाहेर बसवणं मला पटत नाही. चावा 2डी6 + 3 केला, सरासरी 10, आणि उरलेली भीती पकडीत ठेवली.

पकडीपाशी एक धडा मिळाला. मला वाटत होतं, पाण्याखाली नेलं की दोन-तीन राउंडमध्ये जीव घुसमटेल. नियम वाचला तर श्वास 1 अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं रोखता येतो. एक मिनिट म्हणजे दहा राउंड! लढाई तोवर संपलेली असते. पण पाण्याखालच्या लढाईचे नियम बघितले तेव्हा खरी भीती सापडली: पोहण्याचा वेग नसलेल्याचे हातघाईचे हल्ले डिसअ‍ॅडव्हान्टेजने होतात, अपवाद खंजीर, भाला, फेकभाला, छोटी तलवार आणि त्रिशूळ. म्हणजे भली मोठी तलवार घेऊन उडी मारणारा फायटर निम्मा निकामी, आणि खंजीरवाली चोर अचानक सगळ्यात कामाची. नवा नियम एकही न लिहिता निर्णय मिळाला. नवीन लिहिण्याआधी जुनं वाचावं ते यासाठी.

शेवटचं, एकटा मॉन्स्टर चौघांपुढे नेहमी लवकर हरतो, कारण राउंडमध्ये त्याची पाळी एकदा येते आणि त्यांची चारदा. आकडे फुगवून हे सुटत नाही, लढाई फक्त लांबते. त्याला दुसऱ्याच्या टर्नमध्ये काहीतरी करू द्या. शेवाळ्याला मी एक रिअ‍ॅक्शन दिली: फटका बसला की तो पकडलेल्यासकट 10 फूट सरकतो. तेवढ्याने तो जिवंत वाटू लागला.

पायरी 8: स्पेल लिहायचाच असेल तर

डॅमेजचे स्पेल सोपे, त्यांना मोजपट्टी आहे. 2014 च्या त्याच पुस्तकाप्रमाणे एकाच लक्ष्यासाठी पहिल्या पातळीला 2डी10, दुसऱ्या पातळीला 3डी10, तिसऱ्या पातळीला 5डी10. अनेकांना लागणार असेल तर अनुक्रमे 2डी6, 4डी6 आणि 6डी6. फायरबॉल तिसऱ्या पातळीचा असून 8डी6 आहे, म्हणजे मोजपट्टीच्या वर. म्हणून आपल्या स्पेलची तुलना त्याच्याशी करू नका, सगळेच स्पेल फुगतील.

अवघड असतात ते टर्न हिरावणारे. दगड करणं, झोपवणं, गोठवणं. यांत दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्हिंग थ्रो (परिणामातून सुटायचा फासा) द्यायलाच हवा, नाहीतर एका वाईट फाशावर कुणीतरी पाऊण तास नुसतं बसून राहतं. उडणं, मन वाचणं, दूर जाणं असल्या शक्ती खालच्या पातळीवर देण्याआधी हे विचारा: यामुळे तुमच्या कॅम्पेनमधले (सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीतले) कोणते प्रश्न कायमचे संपतील? दरी ओलांडणं हाच पुढच्या तीन सेशनचा विषय असेल तर उडण्याचा स्पेल नको.

पायरी 9: टेबलावर आणा, पण कच्चं आहे हे सांगून

आधी एकट्याने. फासे घ्या, दोन्ही बाजू खेळा, तीन राउंड. मग कार्ड अशा माणसाला द्या ज्याला तुम्ही काहीच समजावलेलं नाही, आणि वाचून झाल्यावर विचारा, "हे काय करतं, सांग बघू." तो बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. तो जिथे अडखळतो तिथे मजकूर दुरुस्त करायचा असतो.

मग टेबलावर. मी आधीच सांगून ठेवतो, "हे अजून कच्चं आहे. तीन सेशन वापरू, मग बसून बघू. बदललं तर वाईट वाटून घेऊ नका." हे आधी बोललेलं असलं की नंतरचा बदल शिक्षा वाटत नाही. सुरुवात थोडी कमजोर बाजूने करा. वाढवून दिलं की सगळे खूश होतात, काढून घेतलं की कुणीच होत नाही. बदल लढाईच्या मध्यात करायचा नाही. त्या दिवशी जसं लिहिलंय तसंच चालू द्या आणि सेशन संपल्यावर त्या खेळाडूशी बाजूला बसून बोला.

काय बघायचं? दर टर्नला तेच वापरलं जातंय का? मग ते फार ताकदवान आहे, किंवा बाकीचं फार कंटाळवाणं आहे. तीन सेशनमध्ये एकदाही वापरलं नाही? मग किंमत जास्त आहे, किंवा ते आहे हेच विसरलं गेलं. कार्ड किती वेळा पुन्हा वाचावं लागलं तेही मोजा. आणि "कसं वाटलं?" असं विचारू नका. मित्र आहेत, "मस्त" म्हणतील. "कधी वापरायचा विचार करून मागे घेतलास?" असं विचारा. त्या उत्तरात सगळं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कार्डाच्या कोपऱ्यात तारीख टाका, नाहीतर कोणता मसुदा खरा यावरून गोंधळ होतो.

पुढे कधी इतरांना द्यावंसं वाटलं तर जानेवारी 2023 पासून पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन 4.0 परवान्याखाली खुला आहे. योग्य श्रेय देऊन त्यातला मजकूर वापरता येतो, विकण्याच्या कामातही. पुस्तकांतलं सगळंच त्यात नाही; बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर या मॉन्स्टरांचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) तिथे मिळणार नाहीत. दुसऱ्याचं चित्र परवानगीशिवाय लावू नका.

कंदिलाचा पहिला बदल दुसऱ्याच सेशनला झाला. चोराने तो पेटवला आणि विचारलं, "मी चालत गेले तर?" कार्डावर उत्तर नव्हतं. दृश्यातला माणूस गिरणीच्या मागच्या दाराने बाहेर पडत होता आणि तिला त्याच्या मागे जायचं होतं. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "जाऊ शकतेस. पण तुला आत्ताचं काही दिसत नाहीये." तेव्हा फायटर खेळणारा म्हणाला, "मी तिचा हात धरतो." एक जण तासापूर्वीच्या रस्त्याने, दुसरा आत्ताच्या रस्त्याने, असे दोघं हातात हात घालून गल्लीतून गेले. घरी येऊन मी कार्डावर लिहिलं: *धरणारा चालू शकतो, दृश्य कंदिलाबरोबर सरकतं.*

दुसरी ओळ अजून लिहिलेली नाही. पाचव्या सेशनला, रात्रीच्या पहाऱ्यावर, काही कारण नसताना तिने तळाच्या शेकोटीजवळ कंदील पेटवला. बरोबर एक तासापूर्वी तिथे क्लेरिक एकटा जागा होता, आणि जी चिठ्ठी सगळ्यांनी मिळून जाळायची ठरवली होती ती तो वाचत बसला होता. क्लेरिक खेळणाऱ्याने ते मला गुपचूप लिहून कळवलं होतं. टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. मी तिला बाजूला नेऊन, जे दिसलं तेवढंच सांगितलं. ती परत येऊन बसली, कंदील विझवते म्हणाली आणि क्लेरिककडे बघून विचारलं, "झोप लागली होती का रे तुला?"